पडवीच्या भिंतीत दयाळ आणि गडग्यात चिरक : पावसाआधीची डागडुजी करावी की थांबावे?

आगरवाट (गुहागर), १२ मे

नमस्कार. गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीची भिंत जांभ्याची असून तिच्यावरचा गिलावा बऱ्याच ठिकाणी निघून गेला आहे. बांधकामाच्या वेळी परांचीसाठी ठेवलेले एक भोक तसेच उघडे राहिले होते. पुरुषभर उंचीवरच्या त्या भोकात यंदा काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या एका जोडीने घरटे केले आहे. नर तुकतुकीत काळा आहे, त्याचे पोट आणि पंखावरची लांब पट्टी पांढरी आहे. मादीला काळ्याच्या जागी राखाडी रंग आहे. नर पहाटेपासून माडाच्या शेंड्यावर बसून फार सुंदर गातो. मोबाइल उंच धरून काढलेल्या छायाचित्रात फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी दिसली.

दुसरे घरटे कलमांच्या बागेभोवतीच्या गडग्यात (सुके दगड रचून केलेल्या बांधात), दोन चिऱ्यांच्या सांदीत आहे. तिथला नर सगळाच काळा, खांद्यापाशी पांढरा डाग आणि शेपटीखाली तांबूस रंग असलेला, आणि शेपटी सदैव उभी ठेवणारा. मादी तपकिरी आहे. या घरट्यात डोळे न उघडलेली पिल्ले आहेत. घरट्याच्या अस्तरात सापाच्या कातीचे तुकडे दिसल्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी अस्वस्थ झाली असून गडगा लगेच उसकटून पुन्हा रचावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

गवंडी मेच्या शेवटच्या आठवड्यात येणार आहेत. पडवीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि गडग्याची दुरुस्ती ही दोन्ही कामे पावसाआधी उरकायची आहेत. ही घरटी दुसरीकडे हलवता येतील का? पडवीतला नर अंड्यांवर बसलेला कधीच दिसत नाही. त्याने घरटे सोडले असे समजावे का? बागेतला काळा नर आमच्या गाडीच्या आरशावर दिवसभर चोची मारतो, त्याचे काय करावे? दयाळ आणि चिरक या दोघांच्याही इंग्रजी नावांत रॉबिन हा शब्द येतो, पण इंटरनेटवर रॉबिनविषयी शोधल्यास चिखलाने लिंपलेली वाटी आणि एकरंगी निळी अंडी यांचे वर्णन येते; ते आमच्या दोन्ही घरट्यांशी जुळत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

कातळसडा (राजापूर)

आपले वर्णन इतके नेमके आहे की ओळखीबद्दल शंका राहत नाही. पडवीतला दयाळ आणि गडग्यातला चिरक. दोघेही आता कॉप्सिकस या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) गणले जातात, पण त्यांची राहणी वेगळी आहे. दयाळाला आगर (माड-पोफळीची बाग), परसू, विहिरीभोवतीची सावली आणि माणसाचा शेजार मानवतो. चिरकाला सडा, कातळ, माळ आणि उघडी, कोरडी जमीन लागते. आपल्या घराच्या एका बाजूला आगर आणि दुसऱ्या बाजूला कलमांची उघडी बाग असल्यामुळे दोघेही तिथे नांदत आहेत.

चिखलाच्या वाटीचे वर्णन अमेरिकन रॉबिनचे आहे. तो कस्तूर कुळातला पक्षी असून झाडाच्या फांदीवर उघडे घरटे बांधतो, त्यामुळे ते वर्णन बाजूला ठेवावे. युरोपातला रॉबिन आपल्या पक्ष्यांना अधिक जवळचा आहे. तोही भिंतीचे कोनाडे, वेलींच्या मागच्या खोबणी, अडगळीतली भांडी अशा आडोशाच्या जागा शोधतो आणि त्याच्यातही अंडी मादीच उबवते.

आपल्या नराविषयीच्या शंकेचे उत्तरही त्यातच आहे. दयाळाच्या मादीकडे घरट्याची बहुतेक बांधणी आणि उबवणीचे सगळे काम असते. अंडी घालण्याच्या सुमारे आठवडाभर आधी ती गवत, बारीक मुळ्या, काथ्याचे धागे आणि केस गोळा करून पोकळीच्या तळाशी सैलसर वाटी तयार करते आणि दिवसाला एक याप्रमाणे बहुधा चार-पाच अंडी घालते. नराचे काम राखणीचे असते. माडाच्या शेंड्यावरून त्याचे गाणे ऐकू येते, ते इतर नरांना हद्द सांगण्यासाठी. कावळा, मांजर किंवा भारद्वाज जवळ आला की तोच आधी अंगावर जातो. पिल्ले बाहेर आली की चारा देण्यात दोघेही असतात, मात्र मादीचा वाटा मोठा असतो. विणीचा हंगाम सरला की हाच नर जवळजवळ मुका होतो आणि झुडपांच्या तळाशी वावरतो. त्यामुळे नर अंड्यांवर बसलेला दिसत नाही, एवढ्यावरून त्याने घरटे सोडले असे समजू नये.

चिरकाचे घरटे जमिनीच्या अधिक जवळ असते. दगडांच्या सांदी, बांध, गडगे, भिंतीतली भोके, क्वचित झाडाची ढोली अशा जागा त्याला चालतात. गवत आणि मुळ्यांच्या बैठकीवर शेळीचे, गुरांचे किंवा माणसाचे केस अंथरलेले असतात आणि त्यात सापाच्या कातीचे तुकडे वारंवार आढळतात. सापाचा तिथे वावर असल्याची ती खूण नव्हे. पक्ष्याने कात सड्यावरून किंवा बागेतून उचलून आणलेली असते. वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे अशी माझी विनंती आहे, कारण या गैरसमजापायी गडगे उसकटले जातात आणि पिल्ले मरतात. कात का आणतात, हा प्रश्न खरोखर मनोरंजक आहे. जगात इतरही काही पक्षी असे करतात. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात मुद्दाम मांडलेल्या घरट्यांवर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात कात ठेवलेल्या घरट्यांकडे अंडी खाणाऱ्या उडत्या खारी फिरकल्या नाहीत असे आढळले. चिरकाच्या बाबतीतही हाच लाभ होतो असे त्यावरून लगेच म्हणता येत नाही, पण संरक्षणाचा तर्क त्यामुळे बळकट होतो.

आरशाविषयी : विणीच्या दिवसांत नराला स्वतःचे प्रतिबिंब म्हणजे हद्दीत शिरलेला दुसरा नर वाटतो. प्रतिस्पर्धी माघार घेत नाही, म्हणून हा थांबत नाही आणि पिल्लांना चारा देण्याचा वेळ त्यात वाया घालवतो. गाडी उभी असताना दोन्ही आरशांवर जुन्या कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. दयाळही असेच करतो, तेव्हा पडवीत आरसा टांगलेला असल्यास तोही काही दिवस काढून ठेवावा.

हापूसबाग (देवगड)

कातळसडा यांनी दिलेली माहिती मोलाची आहे. माझे मत मात्र कामाच्या बाजूने आहे. मेअखेरीस गवंडी मिळाला नाही तर पुढे चार महिने मिळत नाही आणि उघड्या जांभ्यावर पाऊस बसला की भिंत आतपर्यंत ओल धरते. अशा वेळी पडवीच्याच आढ्याला तोंड आडवे करून एक मडके बांधावे, त्यात घरटे अलगद उचलून ठेवावे आणि भोक बुजवावे, असे मला वाटते. दयाळ माणसाला सरावलेला पक्षी आहे. मादी आवाजाच्या मागोमाग नव्या जागी येईल. गडग्यातल्या पिल्लांसाठीही जवळच्या चिऱ्यांमध्ये तशीच सांद करून देता येईल. घर टिकले पाहिजे, हेही खरेच आहे.

खाडीकाठ (दापोली)

हापूसबाग यांची अडचण कोकणात घर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय कृपया करू नये. पक्षी घरट्याची जागा फार बारकाईने लक्षात ठेवतो. परतताना तो त्याच भिंतीतल्या त्याच भोकाकडे झेपावतो. घरटे काही हात दूर गेले की उबवणारी मादी जुन्या जागी घिरट्या घालत राहते आणि तेवढ्यात अंडी थंड पडतात. अंड्यांच्या काळात घरटे टाकून देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त असते; पिल्ले मोठी होत जातात तशी ती कमी होते. त्यामुळे आपल्या दोन घरट्यांपैकी पडवीतले घरटे आज अधिक नाजूक अवस्थेत आहे.

इथे एक समज दूर करायला हवा. माणसाचा हात लागला की वासामुळे पक्षी पिल्लांना टाकतो, असे लहानपणापासून सांगितले जाते. ते खरे नाही. खरा धोका वारंवार जवळ जाण्यात आहे. आपण भोकापाशी उभे राहिलो की मादी बाहेर थांबते, नर ओरडतो आणि त्या ओरडण्यावरून कावळ्याला, टकाचोराला किंवा मांजराला जागा कळते. म्हणून मोबाइल उंच धरून छायाचित्र घेणे आता थांबवावे आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून दुर्बिणीतून पाहावे. मादी चोचीत किडे घेऊन आत जाऊ लागली की अंडी फुटली, एवढे दुरूनही समजते.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्यावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि त्यांची अंडी किंवा घरटी अस्ताव्यस्त करणे यांचा समावेश आहे. घर आपले असले तरी घरटे हलवण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही. फारच अडचण आली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारणा करावी.

आता दिवसांचा हिशेब. दयाळाची उबवणी दोन आठवड्यांच्या आत संपते आणि त्यानंतर पिल्ले सुमारे दोन आठवडे घरट्यात राहतात. अंडी आपल्याला दिसण्याच्या आदल्याच दिवशी पूर्ण झाली असे धरले, म्हणजे सर्वांत उशिराची शक्यता घेतली, तरी १० जूनच्या आसपास ते भोक रिकामे होईल. चिरकाची पिल्ले आत्ताच बाहेर आलेली असल्यामुळे मे संपण्यापूर्वी ती गडगा सोडतील. चिरकाच्या विणीचा काळ प्रदेशानुसार डिसेंबरपासून सप्टेंबरपर्यंत कुठेही येतो, दयाळाचा मुख्यतः मार्च ते जुलै असतो. तेव्हा एक वीण संपल्यावर त्याच जागी दुसरी सुरू होण्याची शक्यता आहे. भोक रिकामे झाल्यावर काम करायचेच असेल तर ते लगेच करावे, आठवडाभर रेंगाळू नये.

चिरेबंदी (सावंतवाडी)

मी जुन्या जांभ्याच्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून केवळ बांधकामाबद्दल लिहितो. काम आणि घरटे यांपैकी एकच निवडावे लागेल, अशी परिस्थिती मला इथे दिसत नाही.

गडग्याचे प्रथम सांगतो. गडगा हा सुका रचलेला बांध आहे, त्यात चुना-सिमेंट नाही. त्यामुळे घरट्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात सोडून उरलेला गडगा आज उसकटून रचला तरी मधला भाग जागचा हलत नाही. मात्र तिथे फावडे-पहार आपटू नये आणि दगडांचा ढीग घरट्यासमोर टाकू नये, कारण पक्ष्याची ये-जा अडते. मधला तुकडा जूनच्या पहिल्या दिवसांत रचायला एका गड्याला अर्धा दिवस पुरतो.

पडवीच्या भिंतीचा निर्णय तिच्या दिशेवर अवलंबून आहे. मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूची भिंत आधी करावी. भोक पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीत असेल तर तेवढा पट्टा पावसाळाभर उघडा राहिला तरी मोठे नुकसान होत नाही. वरून पडवीचे छप्पर आहेच. भोक पश्चिमेलाच असेल तर नेहमीप्रमाणे झाप (झावळ्यांचे विणलेले पडदे) बांधावेत, पण घरट्यासमोरची जागा मोकळी ठेवून दोन्ही बाजूंनी बांधावेत. शाकारणीचे (छप्पर नीट करण्याचे) काम त्या बाजूला शेवटी घ्यावे, कारण कौले उतरवताना धूळ आणि तुकडे थेट भोकात पडतात.

मला अधिक काळजी वाटते ती सिमेंटच्या गिलाव्याची. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसात तो ओल घेतो आणि उघडीप मिळाली की सोडतो. वरून सिमेंटचा घट्ट थर बसवला की आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही, काही वर्षांत गिलावा पोपडे धरतो आणि मागचा दगड भुसभुशीत होतो. चुन्याचा गिलावा किंवा नुसत्या चुन्याने दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरणे हे जांभ्याला मानवते. हे मी दगडासाठी सांगत असलो तरी पक्ष्यांचाही त्यात लाभ आहे, कारण आमच्या भागात गुळगुळीत गिलावा झालेल्या वाड्यांमध्ये दयाळाला घरट्यासाठी जागा उरलेली नाही. पूर्वी परांचीची भोके, खुंट्यांच्या खोबणी, देवळीमागच्या पोकळ्या अशा कितीतरी जागा आपोआप राहत असत.

आपण दुरुस्ती करणारच असाल तर एक चिरा मुद्दाम अर्धा आत सरकवून बसवून घ्यावा. वळचणीखाली, पावसाच्या विरुद्ध बाजूला, मांजराला उडी मारता येणार नाही इतक्या उंचीवर ही देवळी असावी आणि तिच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. गवंड्याला यासाठी वेगळी मजुरी लागत नाही.

कातळसडा (राजापूर)

चिरेबंदी यांच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. ढोली किंवा भोकात घरटे करणाऱ्या पक्ष्यांची संख्या अन्नाइतकीच जागेवर ठरते. दयाळ आणि चिरक स्वतः भोक कोरू शकत नाहीत. तांबट पक्ष्याने सोडलेली ढोली, कुजलेल्या फांदीची पोकळी किंवा माणसाच्या भिंतीतली फट यांवर त्यांना विसंबावे लागते आणि त्याच जागांवर साळुंकीही हक्क सांगते. सिंगापुरात १९७० च्या दशकात दयाळ अतिशय दुर्मीळ झाला. पिंजऱ्यासाठी होणारी धरपकड आणि बाहेरून आलेल्या साळुंक्यांशी स्पर्धा ही त्याची कारणे मानली जातात.

याहून गंभीर उदाहरण हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरच्या दयाळाचे आहे. माणसांबरोबर तिथे पोहोचलेल्या मांजरांनी आणि उंदरांनी, तसेच मूळ जंगल नष्ट झाल्याने, तो पक्षी १९७० च्या सुमारास केवळ फ्रेगेट या एका बेटावर वीसपेक्षाही कमी संख्येत उरला होता. पुढे मांजरे हटवणे, झाडी वाढवणे, पूरक अन्न देणे आणि घरट्यांसाठी पेट्या लावणे या उपायांनी त्याची संख्या सावरली आणि तो इतर काही बेटांवरही पुन्हा वसवला गेला. आपला दयाळ आज तसा संकटात नाही, बांगलादेशाने तर त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे; तरीही भिंतीतल्या एका देवळीचे मोल किती असते, ते या उदाहरणावरून ध्यानात येते.

कुणी पेटी लावणार असेल तर चिमणीसाठी मिळणारी पेटी आणू नये. तिचे भोक सुमारे ३२ मिलिमीटरचे असते आणि शेपटीसह १९ सेंटिमीटर लांबीच्या दयाळाला त्यातून आत जाता येत नाही. समोरची फळी अर्धीच असलेली, ऐसपैस तोंडाची पेटी त्याला सोयीची पडते.

आगरवाट (गुहागर)

सर्वांचे मनापासून आभार. भोक उत्तरेच्या भिंतीत आहे, त्यामुळे ती भिंत यंदा न करण्याचे घरात ठरले आहे आणि गिलाव्यासाठी चुन्याची चौकशी सुरू केली आहे. गडगाही दोन्ही बाजूंनी सोडून रचणार आहोत. एकच गोष्ट विचारायची राहिली. शेजारची मांजरे आमच्या बागेत मोकळी फिरतात. चिरकाची पिल्ले बाहेर पडतील तेव्हा त्यांना उडता येत असेल का, आणि एखादे खाली सापडले तर काय करावे?

खाडीकाठ (दापोली)

पिल्ले घरटे सोडतात तेव्हा त्यांना नीट उडता येत नाही. पुढचे बरेच दिवस ती गडग्याच्या कडेच्या करवंदीत, घाणेरीत किंवा वाळक्या पाल्यात बसून राहतात आणि आई-बाप आवाजाच्या खुणेवर तिथे चारा पुरवतात. म्हणून गडग्यालगतची झुडपे आणि गवत पिल्ले नीट उडू लागेपर्यंत साफ करू नये; बेणणीचे काम त्या बाजूला पुढे ढकलावे. शेजाऱ्यांशी बोलून तेवढे दिवस मांजरांना सकाळ-संध्याकाळ आत ठेवण्याची विनंती करता आली तर उत्तम.

अंगावर पिसे आलेले पिल्लू खाली दिसले तर ते अनाथ आहे असे समजून घरी आणू नये. त्याला हळूच उचलून जवळच्या दाट झुडपात, मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवावे आणि आपण दूर जावे. चिरकाचे पिल्लू हातात घेतल्यावर मान टाकून मेल्यासारखे पडून राहू शकते. ते सोंग असते, त्यामुळे पाणी पाजण्याच्या किंवा मसाज करण्याच्या भानगडीत पडू नये. पिसे न आलेले पिल्लू सापडले तर मात्र त्याच घरट्यात परत ठेवावे. चोचीत दूध, भाताची शिते किंवा पावाचा चुरा घालू नये; या पक्ष्यांची पिल्ले किडे, अळ्या आणि कोळी यांवर वाढतात.

बागेत शिंपण्यासाठी भरून ठेवलेली पिंपे आणि उघडी हौदी असतील तर त्यांवर फळी किंवा जाळी टाकावी. त्या दिवसांत कलमांवर कीटकनाशकाची फवारणी राहिली असल्यास ती गडग्याजवळच्या रांगांवर करू नये, कारण फवारणीने मरून खाली पडलेले किडे आई-बाप उचलतात आणि तेच पिल्लांच्या पोटात जातात.